वहीत ‘सहल’ असं लिहा

(महिला दिनानिमित्त लासलगाव येथे झालेल्या मेळाव्यात आपल्या प्रभागसंघातील एका ग्रामसंघाच्या सचिव ताईंनी केलेलं हे भाषण. बऱ्याच जणींनी मागणी केली म्हणून बोलल्या तसंच, थोडं नीटनेटकं करून छापत आहोत.)



मला सांगण्यात आलं होतं की दहा मिनिटं बोला आणि उद्योगावर बोला. आमच्या गटाचा मसाल्याचा उद्योग आहे, चांगला चालू आहे, पण त्यावर मी मागच्या वर्षी बोलले. त्याच्या मागच्या वर्षीही बोलले. आज मी फिरण्यावर बोलणार आहे. हसा, हसा. आमच्या घरीही असेच हसले होते.

आधी मला एक सांगा. लग्न, बारसं, दहावा, दवाखाना, बँक आणि देव, एवढं सोडून, गेल्या वर्षभरात नुसतं फिरायला म्हणून कोण गावाबाहेर गेलं होतं? हात वर करा बरं.

मोजते. चार. एवढा मोठा मंडप भरलाय आणि हात चार. मागच्या वर्षी हा प्रश्न मला कोणी विचारला असता तर माझाही हात खालीच राहिला असता.

तर आमच्या गावात काय झालं ते सांगते. मागच्या रांगड्याच्या लागणीत आम्ही आठ-दहा जणी एका वावरात होतो. लागण म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. सकाळपासून कमरेत वाकलेलं, चिखलात पाय. दुपारी भाकरीला बसलो तेव्हा उत्तरेला चांदवडचे डोंगर स्वच्छ दिसत होते. आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, “लग्न होऊन आले तेव्हापास्नं हे डोंगर बघते. एकाला तरी पाय लावायचा राहिला बाई.” कोणीतरी म्हणालं, “मग जाऊ की.” तेवढ्यावर विषय संपायचा, पण संपला नाही. तो बैठकीत आला.

बैठकीत पहिला प्रश्न पैशाचा निघाला. एक ताई तावातावानं म्हणाल्या, “गटाचा पैसा फिरायला वापरायचा नाही.” बरोबरच होतं त्यांचं. अंतर्गत कर्जाचा पैसा म्हणजे कुणाची शाळेची फी, कुणाचं खत, कुणाची शेळी. त्याला हात लावायचा नाही असं ठरलं. मग वेगळा डबा केला. दर आठवड्याला दहा रुपये, पंधरा आठवडे, एकीचे दीडशे. तीन गटांतून बावीस जणींनी भरले. कोषाध्यक्ष ताईंनी त्याचा हिशोब वेगळ्या पानावर ठेवला.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. आमच्यातल्या निम्म्या जणी टोळीत मजुरीला जातात. त्यांना दीडशे रुपये जड नव्हते, पण एका दिवसाची मजुरी बुडते ती कोण देणार? ज्यांना शेती आहे त्यांनी नुसतं “चला हो” म्हणायचं आणि मजुरीवाल्यांनी मान खाली घालायची, असं झालं असतं तर ही सहल गटाची राहिली नसती. मग मजुरीवाल्या ताईंनीच तोड काढली. बाजाराच्या दिवशी टोळीला सुटी असते. तोच दिवस धरायचा. उन्हाळ कांद्याची लागण उरकली, पहिली निंदणी झाली की जानेवारीचा शेवटचा आठवडा. पण मग बाजार कोण करणार? बाजार पुरुष करतील, असं ठरलं. म्हणजे आम्ही ठरवलं, त्यांना नंतर कळलं.

जागा ठरली अंकाई-टंकाई. येवला तालुक्यात, मनमाड-येवला रस्त्याच्या कडेला हे दोन किल्ले शेजारीशेजारी उभे आहेत, मध्ये खिंड. आपल्याला लासलगावहून विंचूरमार्गे येवला, आणि येवल्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीनं अंकाई फाटा. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे येणं-जाणं दीडशेत बसून वर शेंगदाणे-गुळाला पैसे उरत होते.

इथवर सगळं सरळ होतं. आता माझी चूक सांगते.

सचिव म्हणून इतिवृत्त मी लिहिते. वहीत ठराव लिहायला घेतला आणि पेन अडलं. ‘अंकाई किल्ल्यावर फिरायला जाणे’ असं लिहायचं? वही घरी राहते, घरचे वाचतात, वरून तपासायला येतात. लोक काय म्हणतील? अंकाईच्या माथ्यावर अगस्ती ऋषींचं स्थान आहे. मी लिहिलं, ‘अंकाई येथे अगस्ती ऋषींच्या दर्शनास जाणे.’ वाचून दाखवलं. सगळ्यांना आवडलं. घरी सांगायला सोपं झालं. आमच्या आत्याबाईंनी तर नारळाला पैसे दिले.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? आपल्या आज्या-पणज्याही अशाच बाहेर पडल्या. वारीला पंढरपूरला पायी गेल्या, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी गेल्या, चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर गेल्या. खानदेशातून किती बाया उन्हातान्हात चालत वणीला येतात ते आपण दरवर्षी पाहतो. पाय आपले पहिल्यापासून मजबूत आहेत. देवाचं नाव घेतलं की उंबरा ओलांडता येतो, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. मला वाटलं, खोटं थोडंच आहे, दर्शनही होईल.

ठरलेल्या दिवशी पहाटे स्टँडवर जमलो. मोजलं तर एकवीस. बाविसावी आलीच नाही. ती आमच्या गटातली सगळ्यांत धाकटी सून. लग्नाला दोन वर्षं झालेली. दहा रुपये एकाही आठवड्याला चुकवले नव्हते तिनं. फोन लावला तर बंद. गाडी लागली, आम्ही बसलो.

अंकाई फाट्याला उतरून गावात शिरलो, तर समोर किल्ला. आधी टंकाईच्या बाजूला जैन लेणी लागतात. डोंगराच्या पोटात कोरलेली, खांबांवर आणि छतावर बारीक नक्षी. दगडावर कमळ असं कोरलंय की वाटतं लाकूडच आहे. आमच्यातल्या एक ताई गवंड्याच्या हाताखाली काम करतात. त्या खांबावरून हात फिरवत कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. “माप बघा,” म्हणाल्या, “दोन्ही बाजू सारख्या. आमचा मिस्तरी ओळंबा लावूनसुद्धा चुकतो.” लेण्यांच्या वर खिंड, आणि खिंडीतून डाव्या-उजव्या हाताला दोन किल्ले. अंकाईवर जायला कातळात पायऱ्या आहेत, एकामागून एक दरवाजे आहेत.

पायऱ्या चढताना एका मावशींना गरगरलं. मटकन खाली बसल्या. ओठ पांढरे. आम्ही घाबरलो. दरवाज्याच्या सावलीत निजवलं, पदरानं वारा घातला. विचारलं, “सकाळपासून पाणी किती प्यायलात?” बोलेनात. मग हळूच म्हणाल्या, “पिलेच नाही. रस्त्यात लागली म्हंजी कुठं जायचं?”

बायांनो, मी इकडंतिकडं पाहिलं. विचारलं, अजून कोण कोण पाणी न पिता आलंय? एकवीसपैकी चौदा जणी. त्यात मी एक. बाटली सगळ्यांच्या पिशवीत होती, भरलेली. दवाखान्यात, बँकेच्या रांगेत, एसटीत, आपण आयुष्यभर हेच करत आलो. बाहेर जायचं तर तहान मारायची. डोंगर चढताना मात्र ते चालत नाही, अंग लगेच सांगतं.

साखर-मीठ सोबत होतं. पाणी करून थोडं थोडं पाजलं. अर्ध्या तासात मावशी उठून बसल्या. मग दोघींनी झुडपाआड जागा पाहिली, साडीचा आडोसा धरला, आणि एकेकीनं जाऊन यायचं ठरलं. लाज पाच मिनिटं वाटली, नंतर नाही. त्या मावशी वर आल्या नाहीत. दोघी जणी त्यांच्याबरोबर खाली लेण्यांच्या सावलीत थांबल्या. त्यांचीही सहल झाली बरं का. माथ्यावर पोचलं तरच सहल, असं काही नसतं.

वर काय पाहिलं ते सांगू? वर मोठी सपाटी आहे, पाण्याचं तळं आहे, अगस्ती ऋषींचं ठाणं आहे. आत्याबाईंचा नारळ तिथं फोडला. आणि चारी बाजूला मोकळं. एका हाताला हडबीची शेंडी, अंगठा वर केल्यासारखा सुळका. त्याच्या पलीकडं मनमाड. खालून रेल्वे गेली, काडेपेट्या एकमेकींना बांधल्यासारखी. आणि मुख्य म्हणजे सगळीकडं वावरं. कांद्याचे, गव्हाचे, कुठं नुसत्या मातीचे तुकडे. वरून बघितलं तर गोधडीच शिवलेली. एक ताई म्हणाल्या, “आपण त्यातल्या एका ठिगळात वाकून असतो.” कोणी काही बोललं नाही. भाकरी, ठेचा, पिठलं सोडलं. एका माकडानं एकीची शेंगदाण्याची पिशवी नेली, तेव्हा हसून हसून पोट दुखलं. दोन तास आम्हाला कोणी हाक मारली नाही. पाणी दे, चहा ठेव, चार्जर कुठंय, काही नाही.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा बाजार झालेला होता. आमच्याकडं कोथिंबिरीच्या आठ जुड्या आणि मीठ नाही. शेजारी दोन किलो आलं. पण झाला बाजार. कोणी उपाशी राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या धाकट्या सूनबाईकडं गेले. विचारलं, काय गं, का आली नाहीस? तिनं खाली बघितलं. म्हणाली, “ताई, आदल्या रात्री पाळी आली. सासूबाई म्हणल्या, देवाला चाललेत ना सगळ्या, मग तुला कसं जमायचं?”

मी काय बोलणार? तिला डोंगर चढायचा होता. डोंगराला काही अडचण नव्हती. तिच्या सासूबाईंचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांना जे सांगितलं होतं त्याप्रमाणं त्या वागल्या. सांगितलं होतं मी. माझ्या वहीतल्या एका शब्दानं पोरगी घरी राहिली. पंधरा आठवडे दहा-दहा रुपये टाकून.

मैत्रिणींनो, आपण पंचसूत्री म्हणतो. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. लेख्यांत पाच रुपयांचा फरक आला तर आपण रात्री दहापर्यंत बसून शोधतो. आणि मी ठरावात सरळ खोटं लिहिलं, एकीनंही हटकलं नाही. कारण ते खोटं सगळ्यांच्या सोयीचं होतं. एकीच्या सोयीचं नव्हतं, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या बैठकीत मी उठले आणि हे सगळं सांगितलं. तिचे दीडशे रुपये परत द्यायचे ठरले, तर ती म्हणाली, “पैसे नको. परत जाऊ.” मग दुसरा ठराव लिहिला. या वेळी लिहिलं, ‘सहल. नांदूर मध्यमेश्वर.’ तारीख तिनं सांगायची असं ठरलं.

नांदूर मध्यमेश्वर आपल्याच निफाड तालुक्यात. गोदावरी आणि कादवा जिथं मिळतात तिथं इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती वाढल्या, आणि पक्षी येऊ लागले. १९८६ साली ते अभयारण्य झालं. २०१९ साली त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, तो मिळालेली महाराष्ट्रातली ती पहिली जागा. थंडीत परदेशातून पक्षी इथं येतात. हजारो मैलांवरून पाखरं आपल्या तालुक्यात येतात आणि आपण तालुक्यातल्या तालुक्यात गेलेलो नव्हतो.

या वेळी प्रत्येकीनं घरी खरं सांगायचं होतं. दर्शन नाही, प्रशिक्षण नाही, फिरायला. सोपं गेलं नाही, खोटं कशाला सांगू. दोघींना घरून नाहीच म्हणाले आणि त्या आल्या नाहीत. एकीला दोन दिवस बोलणी बसली, तरी ती आली. आमच्या घरी विचारलं, “परवाच तर गेली होतीस ना?” मी म्हटलं, “हो, आणि परत चाललेय.” आणि त्या धाकट्या सूनबाईनं घरी सांगितलं तेव्हा तिच्या सासूबाई म्हणाल्या, “देव नाही? चढण नाही? मग मी पण येते.” आल्या. तिथली वाट सपाट आहे, बसायला मनोरे आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनाही जमतं. दुर्बीण एकदा हातात आली ती त्यांनी सोडली नाही. सूनबाई शेजारी उभी राहून म्हणत होती, “आई, मला द्या ना आता.”

लांबचं एक उदाहरण देते. बचेंद्री पाल हे नाव तुम्ही ऐकलं असेल. एव्हरेस्टवर चढलेली पहिली भारतीय बाई, १९८४ साली. त्याच बचेंद्रीबाई २०२२ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, पन्नाशी ओलांडलेल्या बायकांना घेऊन अरुणाचलपासून लडाखपर्यंत हिमालयातून चालत गेल्या. कित्येक महिने. आपल्याला लडाखला जायचं नाही. पण ‘आता वय झालं’ असं म्हणताना हे आठवावं.

आता कामाचं. ज्या गटांना सहल काढायची आहे त्यांनी एवढं लिहून घ्या.

पैसा वेगळ्या डब्यात ठेवा, गटाच्या निधीतून नाही. दिवस असा धरा की मजुरी बुडणार नाही. जागा नक्की करायच्या आधी दोघींनी जाऊन बघून या. गाडी कुठं थांबते, पाणी कुठं मिळतं आणि शौचाला कुठं जायचं, हे तिन्ही बघूनच या. आडोशाला एक जुनी साडी आणि दोरी घ्या, पॅड घ्या, वापरलेलं परत आणायला पिशवी घ्या.

पाणी प्रत्येकीला दोन लिटर, आणि ते प्यायचं, पिशवीत मिरवायचं नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा, हे प्रमाण पाठ करा. पायात बूट, नाहीतर मागून पट्टा असलेली सँडल. सपाता घालून डोंगर चढू नका. साडी नेसणाऱ्यांनी काष्टा घालावा, आपल्या आज्या उगाच घालत नव्हत्या. दम लागतो, चक्कर येते अशा ताईंनी आधी उपकेंद्रात रक्त आणि बीपी तपासून घ्यावं. दशसूत्रीत आरोग्य आहेच की. पावसाळ्यात विजा चमकत असताना डोंगरावर थांबायचं नाही. कड्याच्या टोकाला फोटो काढायचा नाही. लेण्यांत, कपारीत मधमाश्यांचं पोळं असेल तर धूर नाही, आरडाओरडा नाही. सगळ्यांत हळू चालणारीला पुढं ठेवायचं, तिच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं. चारच्या आत खाली.

शेवटी आमचा पुढचा बेत. पुढच्या जानेवारीत, लागण उरकली की, कळसूबाई. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वाट आहे, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. शिखराला कळसूबाई नाव का पडलं, त्याची गोष्ट त्या भागातले लोक सांगतात. कळसू नावाची कोळ्याची पोर एका घरी कामाला राहिली. राहताना तिनं अट घातली होती की अमुक काम मी करणार नाही. एक दिवस घरच्यांनी तेच काम सांगितलं. तिनं काम केलं, आणि मग डोंगर चढून गेली ती परत आली नाही. आज त्या शिखरावर तिचं देऊळ आहे.

आपल्याला घर सोडून जायचं नाही. सकाळी जायचं, संध्याकाळी परत यायचं, मीठ नसलं तर येताना घेऊन यायचं. पण सकाळी निघताना कुठं चाललो ते खरं सांगून जायचं.

दर्शनाला जायचं तेव्हा दर्शन लिहा, मनापासून जा. फिरायला जायचं तेव्हा सहल लिहा. माझी प्रत्येक ग्रामसंघाला विनंती आहे की येत्या बैठकीत हा विषय घ्या आणि वहीत तसाच लिहा. कळसूबाईसाठी आमच्या डब्यात पहिल्या आठवड्याचे दहा-दहा रुपये पडलेत. पहिली नोट कुणाची होती ते सांगायला नको, ती इथंच तिसऱ्या ओळीत बसली आहे, सासूबाईंच्या शेजारी.

दहा मिनिटांची वीस झाली. माफ करा. नमस्कार.